दहापैकी नऊ

‘किल्ल्याच्या माथ्यावर पोहोचलो आणि आमचा सारा शीण क्षणात नाहीसा झाला.’

हे वाक्य मी सातवीत असताना लिहिलं. निबंधाचा विषय होता ‘आम्ही पाहिलेला किल्ला’, आणि किल्ला होता देवगिरी. सरांनी मला दहापैकी नऊ मार्क दिले, वर्गापुढे उभं करून निबंध वाचायला लावला, मग माझी वही शेजारच्या तुकडीत नेऊन तिथंही वाचून दाखवला. एक मार्क अक्षराचा गेला.

मी माथ्यावर पोहोचले नव्हते. माथा राहिला दूर, मी खंदकसुद्धा ओलांडला नव्हता.

आज हे आठवायचं कारण समोर टेबलावर आहे. अडतीस वह्या. मी आता मराठी शिकवते, आणि गेल्या आठवड्यात आमच्या शाळेची सहल देवगिरीला जाऊन आली. परतल्यावर निबंध द्यायचाच असतो. ‘आम्ही पाहिलेला किल्ला’ हा विषय मीच फळ्यावर लिहिला. हात आपोआप वळला म्हणा ना. वह्या परवापासून तशाच पडल्यात. लाल पेन हातात घ्यायच्या आधी स्वतःचं ते जुनं प्रकरण एकदा मिटवावं, असं वाटतंय.

आमची ती सहल एसटीनं गेली होती. पहाटे अंधारात शाळेच्या पटांगणात लाल गाडी उभी, आई-बाबा काचेतून शेवटच्या सूचना देताहेत, आणि इतिहासाचे सर वरचा दांडा धरून, ड्रायव्हरकडे पाठ करून उभे. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच सरांनी भिल्लम यादवापासून सुरुवात केली. ११८७ च्या सुमाराला त्यानं देवगिरीला राजधानी केली, मग पुढचे राजे, मग रामदेवराय, त्याचा प्रधान हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. सर सांगायचे छान. मागच्या बाकांवर अंताक्षरी सुरू व्हायला आली होती ती सरांच्या १२९६ सालापाशी थांबली, कारण तिथं अल्लाउद्दीन खिलजी आला.

रामदेवरायाचं मोठं सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलं. खिलजी अचानक समोर उभा. राजा घाईघाईनं किल्ल्यात शिरला, दरवाजे बंद केले. किल्ला असा की चढून कुणाच्या बापाला घेता येणार नाही. वेढा पडला तर पडू दे, आत धान्य भरपूर आहे, पोत्यांवर पोती रचलीत. आणि मग ती पोती उघडली. इथं सर थांबले. बसच्या खडखडाटात एवढी शांतता पुन्हा कधी झाली नसेल.

“मीठ,” सर म्हणाले. “पोत्यांत धान्य नव्हतं. मीठ होतं.”

मागून कुणीतरी विचारलं, “सर, आत आणताना एक तरी पोतं कुणी उघडून नाही बघितलं?”

“लढाईच्या धांदलीत कोण बघत बसतो!” सर म्हणाले, आणि पुढच्या शतकात गेले.

मुलांचा इतिहास निराळाच चालला होता. शेवटच्या बाकावरून तो बाकामागून बाक पुढे सरकत माझ्यापर्यंत आला. विषय एकच होता, अंधारी. अंधारीत शत्रूचे सांगाडे अजून पडलेत. वटवाघळं थेट डोळ्यांवर येतात. मागच्या वर्षी एका शाळेचा मुलगा आत गेला तो बाहेर आलाच नाही. ती शाळा कुठली, हे प्रत्येक बाकावर बदलत होतं, पण मुलगा मात्र दर वेळी सातवीतलाच होता.

सांगाड्यांचं सोडा, पण अंधारी खरीच भीतिदायक गोष्ट आहे. देवगिरीचा डोंगर सुमारे २०० मीटर उंच, एकटा, शंकूसारखा उभा. यादवांच्या काळापासून माणसांनी त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून काढला, इतका की भिंतीसारखा सरळ कडा झाला; घोरपडीलाही नखं रोवायला जागा सापडू नये. त्या कड्याच्या पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की वर जायला डोंगराच्या पोटातून कोरलेला एकच बोळ, तीच अंधारी. वळणावळणांची, पायऱ्या लहानमोठ्या, उजेडाचा पत्ता नाही. आपली माणसं मशाल घेऊन जाणार. परका माणूस आत शिरला की चाचपडत कडेला जाणार, ठेचकाळणार, आपल्याच माणसांवर आदळणार, आणि वरच्या तोंडाशी निखारे पेटवून धूर आत सोडला की संपलं. तट, बुरूज, तोफा सगळीकडेच असतात. इथं अंधारालाच कामाला लावलं होतं.

हे सगळं मला तेव्हा इतकं नीट कळलं नव्हतं. फक्त पोटात गोळा आला होता.

पहिल्याच दरवाजात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. महाकोटाच्या त्या दरवाजांवर लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीनं कपाळ लावून धडक देऊ नये म्हणून. ते बघत मान वर करून चालले होते, दगडाला ठेचकाळले, आणि चप्पल हातात आली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या पायाकडे पाहिलं, मनातल्या मनात पुढच्या चढाकडे पाहिलं आणि म्हणाले, “अनवाणी नको. तू बाईंजवळ थांब.”

बाई म्हणजे शिवणाच्या बाई. गुडघे धरलेले असल्यामुळे त्या चढणार नव्हत्याच. त्यांच्याजवळ आधीच एकजण जमा होती, बसमध्ये तीनदा उलटी झालेली आमच्या वर्गातली मुलगी. बाकीची रांग दोन-दोनची जोडी करून पुढे गेली. डाव्या हाताला हत्ती हौद लागतो. जवळजवळ एक कोटी लिटर पाणी मावेल एवढा. त्यात हत्ती कधी उतरला की नाही कोण जाणे, पण नाव देणाऱ्याला मोजमापाचा दुसरा कुठला शब्द सुचला नसावा. तिथून थोडं पुढे भारतमाता मंदिराचं मोठं फरसबंद अंगण. बाईंनी तिथं खांबांच्या सावलीत आपली पिशवी ठेवली, पदराच्या आतल्या बाजूनं एक सेफ्टी पिन काढली, माझी चप्पल मांडीवर घेतली आणि दोन मिनिटांत अंगठा तळाशी असा काही अडकवून दिला की ती चप्पल पुढे उन्हाळ्यापर्यंत टिकली.

“जा आता,” बाई म्हणाल्या. “पळत गेलीस तर चांद मिनारापाशी गाठशील त्यांना.”

खरोखरच ती रांग अजून दिसत होती. लाल रिबिनी, निळे स्वेटर, सरांची टोपी. मिनार हाकेच्या अंतरावर. चप्पल पायात घालून मी दोन पावलं टाकली, आणि थांबले.

“पिन टोचतेय,” मी म्हणाले.

पिन टोचत नव्हती. बाईंनी बसवलेली पिन कुणाला कधीच टोचली नसेल. बाईंनी माझ्याकडे बघितलं, चपलेकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग पिशवी सरकवून शेजारी जागा केली.

“बस मग. वर काय असणार? वारा.”

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ‘चप्पल तुटली म्हणून राहिले’ हे एका मैत्रिणीला माहीत होतं. चप्पल दुरुस्त झाली होती आणि मी अंधारीला घाबरून राहिले, हे बाईंना आणि मला.

तर त्या दिवशी मी खरोखर काय पाहिलं? अडीच-तीन तास मी त्या अंगणात होते. निबंधात त्याबद्दल एक ओळ नाही, कारण ते काही ‘किल्ला पाहणं’ नव्हतं. पण आज डोळे मिटले की दिसतं ते तेवढंच.

उलटी झालेली मुलगी दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. मी आणि बाई खांब बघत होतो. शंभरावर खांब आहेत तिथं. मी ते मोजायला घेतले आणि दर वेळी वेगळा आकडा आला. बाईंना मोजण्यात रस नव्हता. त्या उठल्या, एका खांबाच्या मागच्या बाजूला गेल्या आणि मला हाक मारली. “हे बघ. याची नक्षी त्याला मिळत नाही. त्याची पुढच्याला मिळत नाही.” मी बघितलं तर खरंच. एकावर पानंफुलं, दुसरा जवळजवळ साधा, तिसऱ्यावर भलतीच काही भूमिती. मघाशी हे सगळे मला सारखेच वाटले होते.

“गोधडी आहे ही,” बाई म्हणाल्या.

नंतर कधीतरी वाचलं की ही वास्तू १३१८ साली कुतुबुद्दीन मुबारक खिलजीनं मशीद म्हणून उभारली, ती जुन्या देवळांचे खांब आणून. पुढे हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात आलं तेव्हा तिथं भारतमातेची मूर्ती बसली. एका अंगणावर एवढ्या गोष्टी घडून गेल्या, त्यावर माणसं अजून भांडू शकतात, भांडतातही. बाईंना यातलं कितपत माहीत होतं, मला सांगता येणार नाही. त्यांनी फक्त जोड पाहिले. शिवणाच्या तासाला त्यांची रीतच तशी होती. आम्ही रुमालावर काढलेलं फूल कौतुकानं पुढे करायचो, आणि बाई पहिल्यांदा रुमाल उलटा करायच्या. गाठी कुठं, दोरा कुठून कुठं ओढलाय, टाका कुठं चुकवलाय. मार्क उलट्या बाजूला. सुलट्या बाजूकडे त्या निव्वळ आमचं मन राखायला बघायच्या.

उन्हं सरकली तशा खांबांच्या सावल्या फरशीवर आडव्या झाल्या. एक कुत्रं येऊन सावलीच्या एका पट्ट्यात बरोबर मावेल असं झोपलं. बाईंनी एकदा खालच्या आवाजात ओवीसारखं काहीतरी गुणगुणलं आणि माझं लक्ष आहे असं पाहून थांबल्या. बस. एवढंच.

मग मुलं आली. धुळीनं माखलेली, घसे बसलेली, तहानेलेली, आणि एकदम मोठी झालेली. सगळी एकाच वेळी बोलत होती. वाटाड्यानं अंधारीत मधोमध मशाल विझवली. वटवाघूळ कावळ्याएवढं होतं. नाही, घारीएवढं होतं. वर तोफ आहे, तिच्यात मी अख्खा मावलो असतो. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं परतीच्या प्रवासात सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिनं एक गोष्ट हळूच सांगितली ती अशी की सर बारादरीपर्यंतच, म्हणजे माथ्याच्या अलीकडच्या कमानींच्या महालापर्यंतच आले; तिथं कमानीत बसून म्हणाले, ‘वर जाऊन या, मी इथून लक्ष ठेवतो.’

त्या सगळ्या मालातून मी निबंध विणला. अंधारी मैत्रिणीची, तोफ मागच्या बाकाची, इतिहास सरांचा. जिथं कुणाकडूनच काही मिळालं नाही तिथं निबंधाच्या गाइडातली वाक्यं वापरली. शीण क्षणात नाहीसा झाला. खालची माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. आणि एक वाक्य पूर्णपणे माझं: ‘दूरवर वेरूळची लेणी दिसत होती.’ दुपारी आम्ही वेरूळला गेलो होतो, जवळच तर होतं, म्हणजे दिसत असणारच, असा माझा हिशेब.

सरांनी ते पोतं उघडून बघितलं नाही. उघडणार तरी कसे? ते स्वतः बारादरीवरून परतले होते.

मी वर्गात निबंध वाचत होते तेव्हा शिवणाच्या बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. हातात मशीनच्या तेलाची बुधली. दारापाशी थबकल्या. मी नेमकी ‘मुंग्यांसारखी’ला आले होते. त्यांनी वाक्य संपेपर्यंत ऐकलं आणि गेल्या. पुढच्या शिवणाच्या तासाला माझा रुमाल उलटा करून बघितला, परत दिला आणि म्हणाल्या, “माझी पिन राहिलीय तुझ्याकडे.” पुढच्या तासाला मी पिन नेऊन दिली. चपलेला आईनं दुसरी लावली.

कॉलेजात असताना एकदा इब्न बतूता हातात आला, आणि माझ्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमाराला राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि गावाचं नाव दौलताबाद केलं, हे शाळेत सगळेच शिकतो. त्यातली अंगावर काटा आणणारी गोष्ट इब्न बतूतानं लिहिलेली आहे. रिकाम्या केलेल्या दिल्लीत एक आंधळा माणूस सापडला, सुलतानानं त्याला दौलताबादपर्यंत फरफटत न्यायला सांगितलं, चाळीस दिवसांची वाट, आणि पोहोचला तो फक्त त्याचा पाय. वाचताना दिसतं सगळं. पण हा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीत आला तो १३३४ च्या आसपास, म्हणजे राजधानी हलून सहा-सात वर्षं झाल्यावर. तो पाय त्यानं पाहिलेला नाही. मागच्या बाकावरून आलेली गोष्ट आहे ती. शिवाय अख्खा प्रवास त्यानं मायदेशी परतल्यावर आठवून सांगितला आणि दुसऱ्यानं लिहून घेतला.

त्या काळचा इतिहासकार बरनी, त्याचंही तसंच. तो दिल्लीचाच, दरबारातला, पण लिहायला बसला म्हातारपणी. दिल्ली अशी ओस पडली की कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही, म्हणतो. आणि त्याच १३२७-२८ सालांतले दिल्लीजवळचे संस्कृत शिलालेख सुखानं नांदणाऱ्या नगराचं वर्णन करतात. शिलालेखवालेही गाइडातून उतरवत नसतील कशावरून, हा प्रश्न आहेच म्हणा.

इब्न बतूता पुढे दौलताबादला स्वतः आला. इथं मात्र त्याला पूर्ण मार्क द्यायला हवेत. किल्ल्यातल्या अंधारकोठडीतल्या उंदरांबद्दल तो लिहितो: मांजरांपेक्षा मोठे, इतके की मांजरंच त्यांना बघून पळतात. बरनीचं खरं धरलं तर दिल्लीची मांजरंही सुलतानाच्या हुकमानं सातशे मैल तुडवत इथं आली असणार. आणि इथं पुढ्यात हे उंदीर! कुठल्याही इतिहासकारानं या दोन नोंदी शेजारी ठेवून त्या बिचाऱ्या मांजरांचा विचार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

मिठाच्या पोत्यांची गोष्ट फरिश्त्याच्या इतिहासात येते. तो लिहीत होता घटनेनंतर तीनशे वर्षांनी. म्हणजे सर ज्या आत्मविश्वासानं दांडा धरून ‘मीठ’ म्हणाले, तो आत्मविश्वासही उसना होता. मला याचं वाईट वाटलं नाही. उलट सर पहिल्यांदाच ओळखीचे वाटले.

याच किल्ल्यात एक वेगळा विद्यार्थीही राहून गेला, माझ्याच वयाचा. पैठणचा एकनाथ बाराएक वर्षांचा असताना घरून निघून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे आला. स्वामी किल्ल्याच्या कारभारातले मोठे अधिकारी; त्यांची समाधी गडावरच आहे. गुरूनं शिष्याला दप्तराच्या हिशेबाचं काम दिलं आणि एके रात्री हिशेबात एका पैची चूक लागेना. पोरगा दिव्याच्या उजेडात बसला रात्रभर, आणि चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. ही गोष्टही ऐकीवच, पण आपल्याकडे ती प्रत्येकाला आजीनं सांगितलेली असते, म्हणजे तिला शिलालेखाचा मान आहे. मी शाळेत ती दरवर्षी सांगते. सांगताना दरवर्षी वाटतं, माझी चूक मला कधीच शोधावी लागली नाही. ती कुठं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. टाळी तेवढी वाजली नाही.

शिक्षिका झाल्यावर सहलीबरोबर मी याआधी दोनदा देवगिरीला गेले. दोन्ही वेळा गाडीतच सांगून टाकलं, “खाली कुणीतरी थांबायला लागेल ना, मी थांबते.” सहकारी खूश. कुणाला दमा, कुणाचा पाय, कुणाची उलटी. खाली थांबणारी दोन-तीन मुलं असतातच. त्यांना घेऊन मी खांब दाखवत बसले. गोधडी म्हणायचे. शब्द बाईंचा आहे हे सांगत नव्हते.

या वेळी इतिहासाच्या सरांना ऐन सकाळी ताप भरला. संमतिपत्रं आलेली, परवानगी घेतलेली, गाडी दारात. वर जायला मीच उरले. खाली थांबायला शारीरिक शिक्षणाच्या बाई, त्यांचा घोटा दुखावलेला. काय पण न्याय!

चीनी महालापाशी मी मुलांना जरा जास्तच वेळ थांबवलं. भिंतीवर अजून निळ्या चकचकीत फरश्यांचे तुकडे टिकून आहेत. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशाह अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं इथं आणून ठेवलं, आणि तो मरेपर्यंत इथंच राहिला. “बाई, त्याला वर फिरायला जाऊ द्यायचे का?” एकीनं विचारलं. मला उत्तर माहीत नव्हतं, पण प्रश्न आवडला. डोंगराच्या पायथ्याशी डझनभर वर्षं राहून माथा न पाहिलेला आणखी एकजण निघाला असता, तर मला बरंच वाटलं असतं. तिथून बुरुजावरची मेंढा तोफ. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं. मुलांनी त्याच्या शिंगांवरून हात फिरवला. मग खंदकावरचा पूल, आणि पुढे तो काळा चौकोन.

अंधारीत अंधार नव्हता. मुलांकडे मोबाइल नसतात असा आमचा समज होता. आत शिरताच निम्म्या खिशांतून उजेड बाहेर आला. छतावर उजेडाचे गोल नाचत होते. पायऱ्या दिसत होत्या, भिंतीवरचे छिन्नीचे घाव दिसत होते, शिंतोडे, जाळी, सगळं. वटवाघळांचा उग्र वास मात्र कुठल्याही उजेडानं जाण्यासारखा नव्हता. ज्याला मी इतकी वर्षं घाबरले ते हे? तासलेला दगड आणि वास? मला जवळजवळ फसवल्यासारखं वाटलं.

मधल्या एका सपाट जागी मी सगळ्यांना थांबवलं. भिंतीला पाठ लावून उभं राहायला सांगितलं, जोडीदाराचा हात धरायला सांगितला. “आता दिवे बंद. मी दहा म्हणेपर्यंत.”

एक-एक करत विझले. शेवटचा विझला तेव्हा मी दोन म्हटलं होतं.

तीन म्हणताना स्वतःचा आवाज परका वाटला. डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळेना. इतकी मुलं आणि चिडीचूप. वर कुठंतरी कातडी पंखांची फडफड. पाच की सहा झाले असतील, कुणीतरी माझी ओढणी घट्ट धरली. आणि मला कळलं की सातवीतल्या त्या मुलीचं काहीएक चुकलं नव्हतं. अंधारी अगदी तेवढीच भयंकर होती, जेवढी बसच्या मागच्या बाकावर सांगितली होती. सांगाडे नसले म्हणून काय झालं.

मी दहा म्हटलं तेव्हा आधी किंकाळी आणि मग उजेड आला. ओढणी कुणी धरली होती ते दिसलं नाही. बाहेर पडल्यावर डोकी मोजली. पुन्हा मोजली. बरोबर होती.

त्यापुढे पायऱ्याच पायऱ्या. “बाई, अजून किती?” या प्रश्नाला मी प्रत्येक वळणावर “हे काय, आलंच” असं खोटं उत्तर दिलं. बारादरी आली. शाहजहानच्या काळातली म्हणतात. कमानींमधून छान हवा येते. आमचे सर कुठल्या कमानीत बसले असतील याचा मी अंदाज बांधला. बसावंसं कुणालाही वाटेल अशीच जागा आहे, माझेही पाय भरून आले होते. मी मनातल्या मनात त्यांचा एक मार्क परत केला आणि उठले.

माथ्यावर बुरूज आहे, त्यावर तोफ आहे. तिच्यात अख्खा मुलगा मावणार नाही. शीण क्षणात नाहीसा झाला नाही. उलट बसल्यावर जास्तच जाणवला, पोटऱ्या थरथरत होत्या. वेरूळच्या दिशेला तोंड करून उभी राहिले. डोंगर दिसत होते, एकामागे एक, धुरकट. लेणी नाहीत. दिसणारच नाहीत, कारण ती डोंगराच्या पश्चिमेकडच्या अंगाला कोरलेली आहेत, म्हणजे पाठ करून बसल्यासारखी. नकाशा उलगडला असता तरी कळलं असतं.

आणि खालची माणसं मुंग्यांसारखी दिसत नाहीत. माणसांसारखीच दिसतात, लहान. चांद मिनार दिसला, त्याच्या बाजूचं ते मोठं अंगण दिसलं, कोऱ्या वहीच्या पानासारखं. अंगणाच्या कडेला, सावलीच्या रेघेवर, तीन ठिपके. एक पिवळा ओळखू आला, शारीरिक शिक्षणाच्या बाईंचा पंजाबी ड्रेस. उरलेले दोन निळे, आमच्या मुली. मी बराच वेळ तिकडेच बघत राहिले. मुलं तोफेवर बसून फोटो काढत होती, दोघं भांडत होती, वारा असा सुटला होता की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नव्हतं. इथून एखाद्यानं तेव्हा खाली बघितलं असतं तर आम्ही दिसलो असतो का, मी, बाई आणि दप्तरावर डोकं ठेवून झोपलेली ती? दिसलो असतो. लाल रिबिनीसकट.

उतरायला चढण्याइतकाच वेळ लागला. अंगणात पोहोचलो तेव्हा मुलं पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडली आणि नेहमीचा बाजार सुरू झाला. वटवाघूळ एवढं होतं, अंधार तेवढा होता. दमा असलेली आमची मुलगी खांबाला टेकून बसली होती. दिवसभर तिथंच होती. ती त्या गलक्यात गेली नाही, माझ्याजवळ आली.

“बाई, वर काय होतं?”

मी तोंड उघडलं. तयार वाक्य जिभेवर होतंच, इतक्या वर्षांचं. ते गिळलं.

“वारा होता गं,” मी म्हणाले. “खूप.”

तिनं कपाळावरचे केस मागे केले आणि जरा विचार करून म्हणाली,

“तो तर इथंपण होता की, बाई.”